मशीनच्या आधी पेटी उघडा

मध्यम किमतीचं टर्नटेबल कोणतं घ्यावं, याचं लंडनमधलं उत्तर चौसाळ्यात लागू पडत नाही. तिकडचे जाणकार लाकडी जमिनीच्या हादऱ्यांवर पानंच्या पानं लिहितात. माणूस चालला की सुई उडी मारते म्हणून भिंतीवर फळी ठोकायला सांगतात. बालाघाटाच्या पठारावर शहाबादी फरशीच्या घरात हा प्रश्नच नाही. संध्याकाळी पडणारं व्होल्टेज, एप्रिल-मे महिन्यात तापणारे पत्रे, बीड-सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांनी उडवलेली धूळ यांबद्दल मात्र त्या पानांत एक ओळ सापडायची नाही. शिवाय तिकडच्या कपाटात बहुतेक लाँग प्ले रेकॉर्डच असतात. आपल्याकडे जुनी पेटी उघडली की आतून काय निघेल याचा नेम नसतो.

तेव्हा चौसाळ्यातलंच एक घर डोळ्यांपुढे ठेवू. घर कल्पनेतलं आहे, पण मराठवाड्यात अशी घरं पुष्कळ. मागे जाड भिंतींचं माळवद, पुढे स्लॅबच्या दोन नव्या खोल्या. आजोबांचा चावीचा ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेला, पेटी तेवढी माळ्यावर राहिली. त्यात लाखेच्या जड तबकड्या आहेत, सात इंची ईपी आहेत, मुंबईला गिरणीत असलेल्या थोरल्या काकांनी आणलेल्या एलपीही आहेत. नातवाला नोकरी लागली आहे आणि तीस-चाळीस हजार घालायची त्याची तयारी आहे. तो मशीन शोधतो आहे. माझं त्याला सांगणं एवढंच की बाबा रे, आधी पेटी खाली उतरव.

कारण पेटीत नुसत्या तीन आकारांच्या रेकॉर्ड नसतात, तीन वेगवेगळ्या काळांचं यंत्रशास्त्र असतं. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. दहा इंचाच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावतं, आणि मराठी भावगीताचा आटोपशीर घाट या मापातच बसला. कोलंबिया कंपनीनं १९४८ मध्ये ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली, पुढच्याच वर्षी आरसीएनं ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड. पाश्चात्त्य देशांनी १९६० च्या सुमारास ७८ ला निरोप दिला, पण आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघर असल्यामुळे त्या पुढेही निघत राहिल्या. बीटल्सची गाणी भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली होती, आणि परदेशी संग्राहक आज त्यांच्यामागे हात धुऊन लागलेले असतात. थोडक्यात, मराठी घरातल्या पेटीत ७८ निघण्याचा संभव मोठा. आणि बाजारातली कितीतरी नवी टर्नटेबलं ७८ वर फिरतच नाहीत.

नुसती फिरून भागतही नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचं टोक असलेली सुई लागते. एलपीची सुई असते १८ मायक्रॉनच्या आसपास. ही बारीक सुई ७८ च्या खाचेत टेकवली तर ती भिंतींना धरून चालत नाही, तळाशी जाऊन साठलेल्या कचऱ्यात घासत राहते. गाणं ऐकू येतं, पण जणू तव्यावर काही तडतडतं आहे अशा आवाजात. लोक म्हणतात, रेकॉर्ड गेली. बऱ्याचदा रेकॉर्ड ठीक असते, सुई चुकलेली असते. उलट केलं, म्हणजे ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली, तर मात्र एलपीची खरोखर वाट लागते.

सुई आणि वेग यांशिवाय तबकडीला अर्थ नाही, हे नासानं फार चांगलं ओळखलं होतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी गेली, तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती फिरवायची १६⅔ फेऱ्यांच्या वेगानं. आणि कुणी ऐकायला बसलंच तर अडू नये म्हणून सोबत सुई आणि ती धरणारं कार्ट्रिजसुद्धा पाठवलं आहे. एवढी सोय आपले दुकानदारही करत नाहीत.

वेगाकडे वळू. टर्नटेबलचं अर्धं मोल वेगात आहे आणि आपल्या संगीताला त्याची झळ जास्त लागते. इथे दोन दोष वेगळे ओळखायला हवेत. मशीन सतत एकाच प्रमाणात जलद किंवा सावकाश फिरत असेल तर सगळे स्वर मिळून वर किंवा खाली सरकतात. गायकाची पट्टी बदलते, पण गाणं बेसूर होत नाही. वेग जर मागेपुढे होत असेल तर स्वरच डुलतो. शास्त्रात जिला प्रमाण श्रुती म्हणतात ती ८१ ला ८० या गुणोत्तराची, म्हणजे सव्वा टक्क्याची. आता ज्या मशीनचा वेग अर्धा टक्का इकडे, अर्धा तिकडे हलतो, त्याच्यावर किशोरीताईंचा किंवा भीमसेनजींचा लांबवलेला षड्ज लावून बघा. त्यांनी जो स्वर खिळा ठोकल्यासारखा लावला तो पाण्यावरच्या होडीसारखा डुलेल. ढोलकी आणि कोरस असलेल्या गाण्यात हे लपतं. तानपुऱ्यात लपत नाही. म्हणून दुकानात मशीन तपासायला जाताना तिथली परदेशी चकचकीत रेकॉर्ड ऐकू नका. आपली एखादी विलंबित ख्यालाची एलपी काखेत मारून न्या आणि पहिली दोन मिनिटं नुसता तानपुरा ऐका. हार्मोनियमचा किंवा सनईचा लांब स्वरही चालेल.

एक पथ्य. डुलणं जर बरोबर १.८ सेकंदाच्या अंतरानं येत असेल तर तो मशीनचा दोष नाही. ३३⅓ वर तबकडीला एका फेरीस तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मधलं भोक नेमकं केंद्रात नाही. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असलं तरी रेकॉर्डच्या मध्यावर अर्ध्या टक्क्याचा हेलकावा येतो. जुन्या रेकॉर्डमध्ये असे नग बरेच भेटतात. लाख रुपयांचं मशीनही त्यांचं काही करू शकत नाही.

वेगाची दुसरी गंमत अमेरिकेहून येते. न्यू जर्सीचे मामा घरातलं जुनं टर्नटेबल प्रेमानं पाठवतात, आपण ट्रान्सफॉर्मर लावून २३० चं ११० व्होल्ट करतो आणि समजतो झालं. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या कंपनसंख्येवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. मशीन पाच षष्ठांश वेगानं फिरतं, ३३⅓ चे जेमतेम २७.८ फेरे होतात आणि स्वर तीन अर्धस्वरांहूनही थोडे अधिक उतरतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई पांढरी चारच्याही खाली जाऊन बुवा होतात. पुली बदलून यातून मार्ग निघतो, पण ती पुली मिळवता मिळवता मामांच्या प्रेमाची किंमत नव्या मशीनइतकी होते.

गावाकडच्या वीजपुरवठ्याचा विचार इथेच करून टाकू. ज्या मशीनला बाहेरून छोटा डीसी अ‍ॅडॉप्टर लागतो, मोबाइलच्या चार्जरसारखा, ते चौसाळ्यासाठी बरं. व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी अ‍ॅडॉप्टर ते सांभाळतो आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही मशीन त्याच वेगानं चालतं. जुन्या एसी मोटरला साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लाट मानवत नाही. ती गुरगुरते आणि ती गुरगुर सुईवाटे थेट स्पीकरमध्ये उतरते. स्टॅबिलायझर लावायचा तर तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी लावा.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह, या वादावर लोक भांडणं करतात. बेल्टवाल्यात मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा तिचा कंप गिळतो. डायरेक्टमध्ये थाळी मोटरच्याच आसावर बसते. वेग पटकन येतो आणि पट्टा बदलायची कटकट नाही. मात्सुशिताच्या टेक्निक्सनं १९७० च्या सुमारास हा प्रकार रूढ केला आणि १९७२ च्या त्यांच्या एसएल-१२०० ची नवी रूपं अजून निघतात. दोन्ही पद्धतींत चांगली मशीनं आहेत. मी या वादात वेळ घालवणार नाही. फक्त एवढंच, उन्हाळ्यात रबर सैलावतं आणि बेल्ट कुरियरनं पुण्याहून येईपर्यंत घरात शांतता असते.

स्वस्ताईचा मोह मात्र गंभीर आहे. दहा हजारांच्या आत सुटकेससारखी दिसणारी रंगीत प्लेअरं मिळतात. स्पीकर आतच, दिसायला झकास. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकतं. वर स्पीकरचा हादरा त्याच डब्यात. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन ग्रॅमच्या आसपास भार पुरतो. आपल्या जुन्या एचएमव्ही फिएस्टातही सिरॅमिकच असायचं. फिएस्टानं दोन पिढ्यांना गाणी ऐकवली, तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. पण ती आता शोभेला ठेवावी आणि एखादी घासून गेलेली ईपी तिच्यावर वाजवावी. काकांची ‘शिवकल्याण राजा’ची एलपी तिच्या हवाली करू नये.

मॅग्नेटिक कार्ट्रिज घेतलं की आणखी एक वस्तू लागते, फोनो प्रीअ‍ॅम्प. त्याची दोन कामं. कार्ट्रिजमधून निघणारा चार-पाच मिलिव्होल्टचा क्षीण सिग्नल तो वाढवतो. दुसरं काम अधिक महत्त्वाचं. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एका बाजूला वीस मिनिटं मावणार नाहीत. आणि तार स्वर उचललेले असतात, म्हणजे पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखाली झाकते. वाजवताना हे सगळं नेमकं उलटं करावं लागतं. १९५४ पासून याचं एक प्रमाण ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. घरातल्या टीव्हीच्या साउंडबारला टर्नटेबल सरळ जोडून ‘आवाज पातळ आणि किरकिरा येतो’ म्हणणाऱ्यांनी हा प्रीअ‍ॅम्प गाळलेला असतो. जुन्या सोनोडाइन किंवा कॉस्मिक अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ लिहिलेलं भोक असेल तर प्रीअ‍ॅम्प आतच आहे, पैसे वाचले.

आता सुईच्या टोकाची एक गोष्ट, जी ख्याल ऐकणाऱ्यानं विशेष लक्षात घ्यावी. एलपी एकाच गतीनं फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ फक्त २१. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं आणि तिथे सुईचा कस लागतो. सिनेगीतांच्या एलपीत शेवटचं गाणं कुठलं ठेवायचं ते कंपनीच्या हातात असतं. तिथे एखादं संथ गाणं ढकलता येतं. ख्यालाला ही मुभा नाही. बाहेरच्या ऐसपैस खाचांत संथ आलापी आणि आतल्या चिंचोळ्या खाचांत द्रुत बंदिश आणि ताना. ‘शेवटी शेवटी आवाज फाटतो’ ही तक्रार म्हणून शास्त्रीय संगीतवाल्यांचीच जास्त. गोल टोकाच्या सुईपेक्षा लंबगोल म्हणजे इलिप्टिकल टोकाची सुई इथे बरीच तरून नेते, कारण तिच्या अरुंद कडा बारीक वळणांत शिरतात. चार पैसे जास्त घालायचे तर ते इथे घालावेत. थाळीच्या लाकडी रंगावर, ब्लूटूथवर घालू नयेत.

मग आपल्या नातवानं काय घ्यावं? मध्यम किमतीच्या पट्ट्यात तीन नावं पुन्हा पुन्हा येतात. इंग्लंडच्या रेगाचं प्लॅनर १, ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टचं डेब्यू कार्बन ईव्हो आणि जपानच्या ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स. प्लॅनर १ साधं, हलकं आणि कानाला फार गोड. एलपी ऐकायला मी तेच निवडीन. पण ७८ त्याला माहीत नाही आणि ३३ वरून ४५ वर जायला थाळी उचलून बेल्ट सरकवावा लागतो. ज्या घरात ईपी आणि एलपी आलटून पालटून लागतात तिथे आई दोन दिवसांत कंटाळेल. डेब्यू कार्बन ईव्हो ३३ आणि ४५ बटणावर करतं, ७८ साठी सोबतचा वेगळा बेल्ट चढवायचा. नीटनेटकं मशीन आहे, फक्त प्रीअ‍ॅम्प वेगळा घ्यावा लागतो.

एलपी१२०एक्स दिसायला डीजेचं वाटतं आणि जाणकार त्याला नाकं मुरडतात. मुरडू द्या. तिन्ही वेग बटणावर, प्रीअ‍ॅम्प आतच आणि हवा तेव्हा बंद करता येणारा, वीज बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज बसवलेला भाग, हेडशेल, नुसता फिरवून निघतो. त्यावरच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजची हिरवी सुई लंबगोल आहे. त्याच अंगावर ७८ साठी वेगळी जाड सुई चढते, तिचं नाव एसपी. दुसरं हेडशेल आणि तसंच कार्ट्रिज घेऊन त्यावर ती कायमची बसवून ठेवली की एलपीवरून लाखेवर जायला अर्धं मिनिट. तानपुऱ्याच्या परीक्षेत रेगा कदाचित दोन गुण जास्त घेईल, पण पेटीतली निम्मी गाणी ते मशीन ऐकवणारच नाही. पेटीत एकही ७८ नसेल तर माझा सल्ला बदलतो.

जुनं घ्यावं का? मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सत्तरच्या दशकातली भक्कम जपानी मशीनं अजून भेटतात आणि पैशाच्या मानानं ती नव्यांना मागे टाकतात. आर्म दोन बोटांत हलकेच धरून हलवा, बेअरिंग खडखडलं तर चालते व्हा. मशीन चालत असेल तरी दुरुस्तीला कुणी हाताशी आहे का, हा प्रश्न उरतो. पुण्यात राहणाऱ्यानं जुनं घ्यावं, चौसाळ्यात राहणाऱ्यानं नवं.

मशीन गाडीनं आणताना थाळी आणि आर्मच्या मागचं वजन काढून वेगळं बांधा, आर्म क्लिपमध्ये अडकवा. घरी आल्यावर जागा शोधायची तर माळवदाच्या भिंतीतला खोल कोनाडा बघा. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीत दीड फुटाचं मशीन छान बसतं. खाली हादरा नाही, वर ऊन नाही. स्पीकर मात्र त्याच कोनाड्यात ठेवू नका, नाहीतर खर्जाचा आवाज सुईतून परत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन घुमायला लागेल.

मग भार लावायचा. सुईचं झाकण काढा, आर्मची आतली ओढ सावरणारी अँटी-स्केटची खुंटी शून्यावर ठेवा आणि मागचं वजन पुढे-मागे फिरवत राहा. एक क्षण येतो की आर्म ना खाली झुकत ना वर उठत, हवेत आडवा तरंगतो, फुंकर मारली तर हलतो आणि परत तिथेच येतो. आता वजन न हलवता त्याच्यावरची आकड्यांची चकतीच फक्त शून्यावर आणा. त्यानंतर वजन आणि चकती मिळून दोनपर्यंत फिरवा, अँटी-स्केटही दोनवर. झाले दोन ग्रॅम. ७८ च्या सुईला पाचाच्या आसपास लागतात. तिथे चकतीवर विसंबू नका, सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो त्यावर पाहा. आजोबांच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स त्याच तबकडीवर शंभर ग्रॅमहून जास्त भारानं आणि लोखंडी पिनेनं चालत होता, तेव्हा पाच ग्रॅमनं काही होणार नाही. त्याच भारानं झिजलेल्या खाचांचा खरखराट मात्र आता कशानंही जायचा नाही. लग्नात भोंग्यावर वाजलेल्या रेकॉर्डचंही तेच. कर्ण्यासाठी त्या इतक्या वेळा फिरल्या आहेत की फार अपेक्षा ठेवू नये.

धुताना एक चूक अजिबात करू नका. एलपी विनाइलची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून ती पुसली तर चालते. हे पाणी गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच. पण ७८ लाखेची. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो, तोच हा पदार्थ. स्पिरिटचा बोळा फिरवला तर गाणंच पुसलं जाईल. लाखेला नुसतं डिस्टिल्ड पाणी, मऊ फडकं आणि लगेच कोरडं करणं. सगळ्या रेकॉर्ड उभ्या ठेवा. पत्र्याच्या खोलीत आडवी थप्पी मारून ठेवलेली एलपी एका उन्हाळ्यात वाटीसारखी होते.

शेवटचा हिशेब सुईचा. लंबगोल सुईचं आयुष्य खुद्द ऑडिओ-टेक्निका ३०० तास देते. एलपीच्या दोन्ही बाजू मिळून पाऊण तास धरला तर चारशे एलपी. रोज रात्री जेवणानंतर एक लावणाऱ्या घरात सुई वर्षभरानंतर, तेरा महिन्यांनी, बदलायला येते. झिजलेली सुई एकदम बंद पडत नाही. आवाज थोडा थोडा बोथट होत जातो, कान त्याला सरावतात, आणि तोवर ती प्रत्येक रेकॉर्डची खाच कुरतडत असते. म्हणून मशीनची ऑर्डर देतानाच एक जादा हिरवी सुई मागवून कपाटात ठेवावी आणि ज्या दिवशी पहिली बसवली ती तारीख मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवावी.